अकाली जन्मलेल्या बाळाचा जंतुसंसर्ग आणि त्याच्या मेंदूचे चित्र

बाळाच्या रक्तात जंतू सापडले, प्रतिजैविके सुरू झाली आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी डोक्याची सोनोग्राफीही करायला सांगितली, तर आजार रक्तात असताना तपासणी मेंदूची का, हा प्रश्न आईवडिलांच्या मनात येतोच. प्रश्न अगदी रास्त आहे. अतिदक्षता विभागाच्या धावपळीत त्याचे उत्तर एकदोन वाक्यांत आटोपले जाते आणि पुढे तपासणीचा अहवाल हातात आला की त्यातला शब्द न् शब्द भीती घालू लागतो. संसर्गाचा मेंदूवर परिणाम नेमका कसा होतो आणि तो चित्रात कधी दिसतो, हे आधी समजले तर तो अहवाल पुष्कळ बरा वाचता येतो.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेले बाळ म्हणतात. २०२० या एका वर्षात जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे ढोबळमानाने दर दहा जन्मांमागे एक. यातल्या बहुतेकांचे पुढे सुरळीत पार पडते. खरी काळजी असते ती ३२ आठवड्यांच्या आत, आणि त्यातही २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांची. आईच्या रक्तातील संरक्षक प्रतिपिंडे बाळाकडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत पोहोचतात, आणि नेमका तोच काळ या बाळांच्या वाट्याला आलेला नसतो. त्यांची त्वचा अतिशय पातळ असते. ज्या नळ्यांवर त्यांचा जीव तगतो, म्हणजे श्वासाची नळी, नाळेतील किंवा शिरेतील नळी, त्या नळ्याच जंतूंना आत शिरण्याची वाटही ठरू शकतात.

जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत दिसणारा संसर्ग बहुधा आईकडून, प्रसूतीच्या सुमारास आलेला असतो आणि त्यात ब गटाचे स्ट्रेप्टोकॉकस व ई. कोलाय हे जंतू पुढे असतात. त्यानंतरचा संसर्ग प्रामुख्याने रुग्णालयातील वास्तव्यात होतो. त्यात त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकसपासून क्लेब्सिएलासारख्या हट्टी जंतूंपर्यंत अनेक प्रकार आढळतात. लक्षणे मात्र सर्वांची जवळपास सारखीच आणि मोघम असतात: श्वास मध्येच थांबणे, हृदयाचे ठोके मंदावणे, दूध न पचणे, अंग थंड पडणे, बाळ निस्तेज दिसणे. मान आखडणे किंवा डोक्यावरची टाळू फुगणे ही मेंदूज्वराची, म्हणजे मेंदूच्या आवरणांना झालेल्या संसर्गाची, ओळखीची चिन्हे इतक्या लहान बाळात उशिरा दिसतात किंवा दिसतच नाहीत. संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला आहे की नाही, हे वरून पाहून सांगता येत नाही.

त्याचा निर्णय मेंदूभोवती फिरणाऱ्या आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीवरच होतो. रक्ताच्या कल्चरवर, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीवर, भिस्त ठेवता येत नाही, कारण जन्मतः दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, उशिराने मेंदूज्वर झालेल्या बाळांपैकी एक तृतीयांश बाळांचे रक्ताचे कल्चर निर्दोष आले होते. अडचण अशी, की ज्या बाळाचा रक्तदाब सावरलेला नाही आणि ज्याच्या रक्तातील, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट घसरल्या आहेत, त्याच्या पाठीत सुई घालणे लगेच शक्य होत नाही. मग उपचार मेंदूज्वर गृहीत धरून सुरू होतात आणि पाणी दोनचार दिवसांनी काढले जाते. या मधल्या काळात मेंदूकडे पाहण्याचे साधन म्हणून चित्रणाचा मोठा आधार असतो. तरीही एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. मेंदूज्वर आहे की नाही, हे चित्र ठरवत नाही. त्याने मेंदूचे काय केले, एवढेच चित्र दाखवते.

संसर्गाने मेंदूला इजा होण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांपैकी दुसरी फारशी कोणी समजावून सांगत नाही. पहिली वाट सरळ आहे: जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणांत आणि मेंदूतील पाण्याने भरलेल्या पोकळ्यांत शिरतात, तिथे पू होतो, रक्तवाहिन्यांना सूज येते, त्या बंद पडतात आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला भाग मरतो. दुसऱ्या वाटेत जंतू मेंदूत शिरतच नाहीत. संसर्ग रक्तात किंवा आतड्यात असतो, मणक्यातील पाणी स्वच्छ असते आणि तरीही मेंदूला इजा होते.

या दुसऱ्या वाटेचा इतिहास जुना आहे. १८६७ साली जर्मन शरीरविकृतितज्ज्ञ रुडॉल्फ फिरशो यांनी नवजात बाळांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात फिकट, मऊ पडलेले पट्टे पाहिले आणि तो दाहाचा प्रकार असावा असे म्हटले. १९६२ साली बँकर आणि लारॉश या दोन संशोधक स्त्रियांनी या इजेचे सविस्तर वर्णन केले. त्यांनी दोष मुख्यतः प्राणवायूच्या कमतरतेला दिला आणि पुढे बराच काळ तेच मत प्रचलित राहिले. मग १९७६ साली गिलेस व लेव्हिटन यांच्या गटाने नवजात मांजरीच्या पिलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पिलांना जिवंत जंतू दिले नव्हते. ई. कोलायच्या आवरणातील विषारी घटक तेवढा टोचला होता, आणि पिलांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात इजा आढळली.

मेंदूच्या पांढऱ्या भागात चेतातंतू असतात आणि विजेच्या तारेवर असावे तसे त्यांच्यावर मायलिनचे वेष्टण चढते. हे वेष्टण बनवणाऱ्या पेशी गर्भाच्या २३ ते ३२ आठवड्यांच्या काळात अर्धवट तयार अवस्थेत असतात आणि याच अवस्थेत त्या सर्वांत नाजूक असतात. अंगात संसर्ग पेटला की प्रतिकारशक्तीची रसायने रक्तातून फिरू लागतात, मेंदूतील संरक्षक पेशी खवळतात आणि त्यांनी सोडलेल्या द्रव्यांचा मारा या अर्धवट पेशींवर होतो. त्यातच रक्तदाब घसरलेला असतो, आणि रक्तदाब कमीजास्त झाला तरी मेंदूचा रक्तपुरवठा स्थिर ठेवण्याची क्षमता या बाळांत अजून पुरती आलेली नसते. पेशी मेल्या नाहीत तरी त्यांची वाढ तिथेच खुंटू शकते. हे सारे घडते ते मेंदू झपाट्याने वाढत असताना. २९ आठवड्यांपासून पूर्ण दिवस भरेपर्यंत मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराचे आकारमान जवळपास चौपट होते, म्हणजे या काळातला आठवडाभराचा आजारही वाढीच्या ऐन भरात येतो.

माणसांच्या बाळांतील पुरावा याच दिशेने जातो. १९९३ ते २००१ या काळात अमेरिकेत जन्मलेल्या, हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या ६,०९३ बाळांचा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६५ टक्के बाळांना रुग्णालयात असताना किमान एकदा संसर्ग झाला होता, आणि संसर्ग न झालेल्या बाळांच्या तुलनेत त्यांच्यात पुढे विकासाच्या अडचणी जास्त आढळल्या. कल्चरमध्ये जंतू न सापडता केवळ दाट शंकेवरून दीर्घ उपचार झालेल्या बाळांतही हा फरक होता. हा संबंध आकडेवारीचा आहे आणि त्यावरून एकेका बाळाचे भविष्य सांगता येत नाही. पण रक्तातल्या आजारासाठी मेंदूची तपासणी का, याचे उत्तर त्यात नक्की आहे.

पहिली तपासणी बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीचीच असते. बाळाला पेटीतून बाहेर काढावे लागत नाही. पेटीच्या बाजूच्या गोल खिडकीतून हात आत जातो, कोमट केलेल्या जेलचा थेंब टाळूवर पडतो आणि अंगठ्याएवढे टोक असलेला प्रोब त्यावर अलगद टेकवला जातो. डोक्याच्या हाडातून ध्वनिलहरी नीट जात नाहीत, पण टाळूवर हाड नसल्याने तिथून मेंदूचा आतला भाग दिसतो. प्रोब पुढून मागे, मग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे कलवत दहापंधरा मिनिटांत सगळी पाहणी होते. कानामागच्या लहान फटीतून लहान मेंदूही पाहता येतो, आणि तो आवर्जून पाहायला हवा, कारण नुसत्या पुढच्या टाळूतून तो नीट दिसत नाही. डॉप्लर वापरून शिरांमधील रक्तप्रवाह तपासता येतो. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही, आणि हवी तितक्या वेळा तपासणी पुन्हा करता येते.

मेंदूज्वरात सोनोग्राफीवर मेंदूच्या घड्यांमधील रेषा जाड आणि ठळक दिसू लागतात, मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये पाणी साठते, पोकळ्या रुंदावतात. पोकळ्यांतच पू झाला असेल तर त्यांच्या कडा खडबडीत होतात आणि आतल्या एरवी काळ्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात बारीक कण आणि तंतू तरंगताना दिसतात. इथे एक फसगत होऊ शकते. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांत मेंदूतील पोकळ्यांत रक्तस्राव होणे विरळ नाही, आणि विरघळणाऱ्या जुन्या रक्ताचे चित्रही असेच दिसते. आधीची सोनोग्राफी उपलब्ध असेल तर रक्त पूर्वीपासून होते की बदल नवा आहे, हे ताडून पाहता येते. नसेल तर प्रश्न पुन्हा पाण्याच्या तपासणीकडेच जातो. म्हणूनच पहिल्या आठवड्यातील सोनोग्राफी, तेव्हा बाळ ठीक असले तरी, पुढे फार मोलाची ठरते.

सोनोग्राफी निर्दोष आली की सगळ्यांना हायसे वाटते. ते स्वाभाविकच आहे, पण त्या निर्दोषपणाला मर्यादा आहेत. मेंदूज्वराच्या सुरुवातीला सोनोग्राफीत काहीच न दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. मेंदूचा पृष्ठभाग, विशेषतः कवटीच्या कडेचा भाग, तिच्या नजरेतून सुटतो. पांढऱ्या भागाची विखुरलेली, सूक्ष्म इजा तिला बहुधा दिसत नाही, आणि आजकाल तीच इजा अधिक आढळते. मोठी इजा झाली असली तरी तिथे पोकळ गाठी दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. उलट बाजूने, पोकळ्यांभोवतीचा भाग किंचित पांढुरका दिसतो, एवढेच वाक्य अहवालात असेल तर लगेच धसका घेण्याचे कारण नाही. लवकर जन्मलेल्या बाळांत असा पांढुरकेपणा पुष्कळदा दिसतो आणि काही दिवसांत मावळतो. तो टिकतो का आणि गडद होतो का, हे पाहायचे असते, आणि त्यासाठी तपासणी पुन्हा करावी लागते.

एमआरआय अधिक खोलवर पाहतो, पण तो बाळाजवळ येत नाही, बाळाला त्याच्याजवळ न्यावे लागते. श्वासाच्या यंत्रावर असलेल्या आणि रक्तदाबासाठी औषधे चालू असलेल्या किलोभर वजनाच्या बाळाला दुसऱ्या विभागात हलवणे हे जोखमीचे काम असते, म्हणून बाळ स्थिर होण्याची वाट पाहिली जाते. काही मोठ्या केंद्रांत चुंबकाला चालणारी खास पेटी असते. तपासणीच्या वेळी बाळाला दूध पाजून, उबदार दुपट्ट्यात घट्ट गुंडाळून झोपू दिले जाते, यंत्राच्या खडखडाटापासून जपण्यासाठी कानांना संरक्षण लावले जाते आणि अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू, अगदी कपड्याचे बटणसुद्धा, काढली जाते. पोट भरलेले, गुंडाळलेले बाळ बहुधा भुलीशिवायच झोपून राहते. एमआरआयमध्येही किरणोत्सर्ग नसतो.

संसर्गाच्या बाबतीत एमआरआयची सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारी. साध्या पाण्यात रेणू मोकळेपणाने फिरतात. पू दाट असतो, पेशी आणि प्रथिनांनी भरलेला असतो, त्यामुळे त्यात रेणूंना हलायला जागा राहत नाही आणि चित्रात तो भाग लख्ख पांढरा उठून दिसतो. पाठीवर झोपलेल्या बाळाच्या मेंदूतील पोकळ्यांत पू झाला असेल, तर तो गाळासारखा खाली, म्हणजे पोकळ्यांच्या मागच्या टोकांत साचतो, आणि तिथे सपाट पृष्ठभागाचा एक पांढरा थर दिसतो. वरचे पाणी काळे, खाली पांढरा थर आणि मधोमध आडवी रेघ. असे चित्र दिसले की शंकेला फार जागा उरत नाही. पण रक्तही पांढरे दिसून चकवू शकते, म्हणून रक्ताचे अंश टिपणारी दुसरी पद्धत सोबत वापरली जाते.

रक्तपुरवठा तुटून नुकत्याच मेलेल्या भागातही रेणूंची हालचाल अशीच रोखली जाते, म्हणून तोही पांढरा दिसतो. पण हा बदल सुमारे आठवडाभरात फिका पडतो. तपासणी त्यानंतर झाली तर या एका पद्धतीत सारे ठीक दिसते आणि इजेचा माग इतर पद्धतींतून काढावा लागतो. अहवालावरची तारीख म्हणूनच महत्त्वाची असते. आजार सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी चित्र घेतले, हे कळल्याशिवाय निर्दोष या शब्दाचा अर्थ लागत नाही. शिरेतून चित्र ठळक करणारे औषध टोचून घेतलेली चित्रे गळूच्या कडा आणि सुजलेली आवरणे चांगली दाखवतात, मात्र या बाळांची मूत्रपिंडे अपरिपक्व असल्याने ते औषध गरज असेल तेव्हाच दिले जाते.

काही जंतूंची मेंदूतील ओळख वेगळी असते. सिट्रोबॅक्टर कोसेरी हा जंतू एकूणात विरळ, पण त्यामुळे मेंदूज्वर झालेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांच्या मेंदूत गळू होते, आणि ते अनेकदा कपाळामागच्या भागात व आकाराने मोठे असते. नवजात मेंदू पाणीदार असतो आणि गळूभोवती घट्ट आवरण तयार करण्याची त्याची ताकद कमी असते, त्यामुळे गळू झपाट्याने पसरते. क्रोनोबॅक्टर साकाझाकी हा पावडरच्या दुधातून येऊ शकणारा जंतू पांढरा भाग अक्षरशः विरघळवतो आणि तिथे पोकळ्या सोडून जातो. सेरेशिया आणि बॅसिलस सिरियस यांच्या इजेत रक्तस्राव जास्त असतो. ब गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसमुळे रक्तवाहिन्या बंद पडून मेंदूचे लहानमोठे भाग मरतात. एवढे असले तरी चित्रावरून जंतूचे नाव ठरवत नाहीत. ते काम कल्चरचेच आहे. मात्र कल्चरमध्ये सिट्रोबॅक्टर किंवा क्रोनोबॅक्टर आला, तर बाळ बरे दिसत असले तरी मेंदूचे चित्र लवकर आणि पुन्हा पुन्हा घ्यावे, असे मला ठामपणे वाटते. गळू दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत वाढते.

सीटी स्कॅन आता मागे पडला आहे. तो झटपट होतो, पण त्यात किरणोत्सर्ग आहे आणि या वयातील पाणीदार मेंदूचे बारकावे त्यात धूसर दिसतात. तातडीने शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा आहे आणि एमआरआय मिळत नाही, अशा वेळी तो उपयोगी पडतो.

चित्राने उपचार खरोखर बदलतात. मेंदूज्वर क्लेब्सिएलासारख्या ग्राम निगेटिव्ह गटातील जंतूंचा असेल तर प्रतिजैविके सामान्यतः किमान तीन आठवडे दिली जातात. चित्रात गळू किंवा पोकळ्यांतील पू दिसला तर हा काळ आणखी वाढतो, कारण पुवात औषध पुरेसे झिरपत नाही. मोठे गळू शल्यविशारद सुईने रिकामे करतात. पाण्याची वाट तुंबून पोकळ्या फुगू लागल्या तर आधी तात्पुरती सोय करून पाणी काढले जाते. ते पोटात सोडणारी कायमची नळी संसर्ग पूर्ण निवळल्यावरच बसवतात, अन्यथा नळीवरच जंतू घर करतात. म्हणून उपचार संपवण्याआधी पुन्हा एकदा चित्र घेणे हा केवळ औपचारिकता म्हणून पाळायचा रिवाज नव्हे.

आता आईवडिलांचा सर्वांत कठीण प्रश्न: बाळ पुढे कसे होईल? त्यासाठी आजार ओसरल्यावर, बाळाचे मूळ दिवस भरण्याच्या सुमारास घेतलेला एमआरआय सर्वांत जास्त सांगतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील १६७ अतिअकाली बाळांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या वेळच्या एमआरआयमध्ये पांढऱ्या भागाची मध्यम ते तीव्र विकृती असलेल्यांत दोन वर्षांच्या वयात हालचालीच्या व आकलनाच्या अडचणी स्पष्टपणे जास्त होत्या. हालचालीचे संदेश नेणारा जो दाट तंतूंचा पट्टा मेंदूच्या खोल भागातून खाली उतरतो, त्यावरचे मायलिन या वयात दिसू लागते. ते दोन्हीकडे सारखे आहे का, हे पाहिले जाते. एकाच बाजूला ते कमी असेल तर शरीराच्या दुसऱ्या बाजूला पुढे कमजोरी येण्याची शक्यता वाढते, आणि ती दिसायच्या आतच व्यायामोपचार सुरू करता येतात. हालचालींबाबत चित्र बऱ्यापैकी विश्वासाने बोलते. भाषा, लक्ष आणि शाळेतील प्रगती यांबाबत त्याचा आवाज क्षीण होतो. सौम्य बदल असलेली पुष्कळ मुले चांगली वाढतात, तर निर्दोष चित्र असलेल्या काहींना पुढे मदत लागते. केवळ एका चित्रावरून बाळाबद्दल आशा सोडायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

घरी गेल्यावर चित्राची जागा प्रत्यक्ष निरीक्षण घेते. मूळ दिवस भरल्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचे जाणकारांकडून परीक्षण करता येते आणि त्यातून बरेच कळते. मेंदूज्वर झालेल्या प्रत्येक बाळाची श्रवणतपासणी व्हायलाच हवी, कारण आजार आणि काही प्रतिजैविके दोन्ही श्रवणशक्तीला बाधा आणू शकतात. पोकळ्यांत पू झालेल्या बाळात पाणी साठणे कित्येक आठवड्यांनंतरही सुरू होऊ शकते, म्हणून डोक्याचा घेर नियमित मोजून वाढीच्या तक्त्यावर मांडावा. घेराची रेष वरच्या रेषा ओलांडू लागली, टाळू ताठर वाटली, उलट्या किंवा झटके सुरू झाले, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता बाळाला दाखवावे. जाताना आधीच्या सर्व सोनोग्राफी आणि एमआरआयची मूळ चित्रे न्यावीत, नुसते अहवाल पुरत नाहीत, कारण नवा डॉक्टर तुलना चित्रांचीच करतो. टाळू उघडी आहे तोवर ही तपासणी सोनोग्राफीने काही मिनिटांत होते. ती भरल्यानंतर त्याच प्रश्नासाठी बहुधा एमआरआय करावा लागतो.